इटलीच्या फॉरवर्डचा पाय

सुनेनं आज माझ्या गुडघ्यासाठी हळद तापवली आणि त्या वासानं पिंपरीचं ते मुरमाड मैदान डोळ्यांपुढं आलं. पन्नास-पंचावन्न सालची गोष्ट. कारखाना नवा उभा राहत होता, आणि फुटबॉलात जो फॉरवर्ड चमकेल त्या हंगामी गड्याला साहेब पर्मनंट करायचे. जागा एकच अन् आम्ही दोघं, मी आणि आमच्या आळीतला एक गडी. खेळ त्याचाच सरस होता. म्हणून चेंडूच्या गर्दीत मागनं जाऊन मी त्याच्या अनवाणी घोट्यावर जाड बुटाची लाथ घातली. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. मशिनी बसवायला आलेला इटलीचा मिस्त्री त्याच्याजवळ बसला आणि मोडक्या हिंदीत सांगू लागला, की आमच्याकडच्या एका नामांकित फॉरवर्डच्या पायातलं रक्तच थांबलं होतं, पाय बर्फ झाला, कितीतरी महिने घरी बसला, तरी परत खेळला. गड्यानं डोळे पुसत विचारलं, "मिस्त्री, मी बी खेळंन ना?" मीच मधे बोललो, "त्याला डॉक्टर हुते गड्या. तुला हळद हाय." सगळे हसले. ती हळद त्याची बहीण लावायची. पुढं पर्मनंट नोकरीवाला म्हणून तिच्या बापानं ती मलाच दिली. तिला जाऊन चार महिने झाले, घर खायला उठतंय. लंगड्या भावाला मी जन्मभर घरात ठेवला, म्हणून ती मला देवमाणूस म्हणायची. तो समोर बसून ऐकायचा. लाथ कुणाची ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण जेवत होता माझ्या घरात, बोलणार काय?