तोंड वाकडं करणारा काढा

सोलो शहराच्या बाजारात सुगिनेम पाठीला बाटल्यांची टोपली बांधून जामू विकायची. जामू म्हणजे पाल्याचा कडूजहर काढा. शेजारच्या सरबताच्या गाडीवरची झुंबड पाहून एकदा तिचं डोकं फिरलं. तिने काढ्यात गूळ कालवला आणि "अजिबात कडू नाही!" असं ओरडत फिरली.

हळूहळू गिऱ्हाईक पांगलं. शेवटी कोंबडीवाला पार्जो म्हणाला, "मावशी, गोडच प्यायचं तर त्या गाडीवर बर्फ घालून मिळतं. तुझ्याकडे आम्ही तोंड वाकडं करायला येतो. त्याशिवाय औषध लागू पडलंसं वाटतच नाही!"

सुगिनेम चिडली, पण घरी जाऊन तिने मुकाट्याने दुप्पट पाला वाटला.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराच्या दारातच ठाण मांडून बसली. पार्जोने पेला रिकामा केला आणि डोळे घट्ट मिटून तो नखशिखांत शहारला. बघणारे खो खो हसले आणि त्यांनीही पेले मागितले. काढ्यानंतर तोंड गोड करायला, रिवाजाप्रमाणे, आलं घातलेलं गोड पाणी फुकट.

"मावशी, आता एक पाटी लाव की," सरबतवाला म्हणाला.

सुगिनेमने ताठ मानेने पार्जोकडे बोट दाखवलं. "ती काय, समोर उभी आहे. वाच त्याचं तोंड!"