भाच्याला दोष नाही

गाडीनं दुर्ग स्टेशन सोडलं आणि मी बॅग दाराशी आणून ठेवली. गोंदियानंतर दोन्ही बाजूंना धान कापून झालेली शेतं लागतात, डोंगरगडला टेकडीवरचं देऊळ खिडकीतून दिसतं, आणि मग जमीन सपाट होत जाते ती थेट रायपूरपर्यंत. माझ्या आईचं हे माहेर. लहानपणी सुट्टीत येत असे. आता कित्येक वर्षांनी, ऐन थंडीत, एका कामगिरीवर आलो होतो.

कामगिरी कुसुममावशीची. मावसाजी गेल्यापासून ती शंकर नगरच्या घरात एकटी राहत होती. वय शहात्तर. तिचा मुलगा संजय हैदराबादला. त्याला तिला घेऊन जायचं होतं, तिला जायचं नव्हतं. "भैया, चार दिन रहके देखो," तो फोनवर म्हणाला होता. "मम्मी अकेली रह सकती है कि नहीं, आप बोलोगे वही फायनल." खरं सांगायचं तर निकाल मी गाडीतच देऊन टाकला होता. शहात्तर म्हणजे शहात्तर.

स्टेशनाबाहेर ती हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

"काहून रे विनू, किती सुटला तू! बस मागं."

"मावशी, मी चालवतो ना स्कूटर."

"तुले रस्ते माहीत आहेत का? बस चुपचाप. पोट आत घे, गाडी उलार होते."

पंडरीच्या कापडबाजारात गठ्ठे लादलेल्या हातगाड्यांमधून तिनं गाडी अशी काढली, की मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला तेलीबांधा तलावावर फिरायला नेलं. पाण्यावर धुकं होतं. पहिलाच फेरा संपायच्या आत मला धाप लागली. तिच्या मैत्रिणी बाकावर बसून माझी वाट बघत होत्या.

"तुम्हारा भतीजा बीमार है क्या, दीदी?"

"भाचा आहे. बीमार नाही, साहेब आहे," मावशी म्हणाली.

परत येताना मी तिला तब्येतीचं विचारलं. "बीपीची गोळी घेतो ना मी रोज. तू चष्मा लावतो, मी गोळी खातो. त्यात काय एवढं?" रात्री तिला झोप कमी लागते, गुडघा थंडीत कुरकुरतो, हेही तिनं सांगितलं. लपवलं काहीच नाही. पण सांगताना ती दुखण्याबद्दल बोलत होती, म्हातारपणाबद्दल नाही. हा फरक मला तिथं कळला.

घरी पोचलो तर शेजारच्या रामबती काकी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) घेऊन आल्या होत्या. डबा ठेवला आणि त्या सरळ माझ्या पायाशी वाकल्या. "पाय परत हंव, भांचा." मी दचकून मागे सरलो. सत्तरीची बाई माझ्या पाया पडते आहे!

मावशी हसत सुटली. "पडू दे. हा सारा मुलूख कौसल्येचं माहेर मानतात ना, म्हणून राम साऱ्यायचा भाचा. तुझी माय याच पाऱ्यात (वस्तीत) वाढली, म्हणून तू साऱ्या पाऱ्याचा भाचा. इथं भाचा म्हणजे देव. कामाचा नाही, पण देव."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा निकाल फिरला होता. ही बाई एकटी राहू शकते. राहतेच आहे. उद्या गच्चीवर बडी घालून झाली की संजयला तसं कळवायचं, असं मी ठरवलं.

रखिया बडी म्हणजे कोहळ्याचा कीस आणि वाटलेली उडीद डाळ फेटून घातलेले सांडगे. थंडीत पाऱ्यातल्या बायका एकत्र जमून घालतात. पीठ मात्र मावशीच फेटणार, हे ठरलेलं. हाताचं पीठ वाटीतल्या पाण्यात सोडायचं. तरंगलं की झालं. ते तरंगलं तेव्हा तिनं माझ्याकडे अशा तोऱ्यात बघितलं, की मला आईची आठवण झाली.

मग तिनं परात कमरेवर घेतली आणि जिना चढू लागली. मी दे म्हणालो, तिनं दिली नाही. ती नेहमीच्या लयीत चढत होती. माझं मत बदललं होतं, पण हात बदलला नव्हता. "मावशी, सांभाळून," म्हणत मी मागून तिचं कोपर धरलं. नेमका तिचा पाय उचललेला होता.

"सोड रे!"

मी आणखी घट्ट धरलं. परात कलली, ती सावरायला मावशी वळली, आणि मनगटावर पडली. पांढरं पीठ पायरीपायरीनं खाली उतरत राहिलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "पैर फिसल गया."

"इस उमर में होता है, माताजी. अब सीढ़ी बंद."

प्लास्टर घालत होते तेव्हा मी संजयला फोन लावला. म्हणालो, "मावशी पडली." एवढंच. ते शब्द माझेच.

रामबती काकी बाहेर बाकावर बसल्या होत्या. पडली तेव्हा त्या गच्चीच्या दारात उभ्या होत्या. मी विचारलं, "काकी, तुम्ही पाहिलंत ना?"

"हव, देखेंव. फेर भांचा ला दोस नइ देवन." (हो, पाहिलं. पण भाच्याला आम्ही दोष देत नाही.)

दुसऱ्या दिवशी मी संजयला सगळं सांगितलं. ती पडली नाही, मी पाडलं.

"भैया, आप बहुत अच्छे हो. मम्मी ने सिखाया ना ये बोलने को?"

मी पुन्हा सांगितलं. कोपर, पायरी, सगळं.

"ठीक है, आपने पकड़ा. पर पहले वाली मम्मी होती तो संभल जाती ना?"

मला कुणी जिन्यात मागून असं ओढलं असतं तर मीही पडलो असतो. बावन्नाव्या वर्षी लोक त्याला अपघात म्हणाले असते.

संजय आला, मावशीचं तिकीट घेऊनच. निघायच्या सकाळी मावशी पलंगावर बसली होती, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून.

"विनू, एक विचारू? खरं सांगजो. तू धरलं म्हणून पडली ना मी? का माझाच पाय डगमगला?"

"मीच पाडलं मावशी. तुझा पाय अगदी ठीक होता."

तिनं नाही अशी मान हलवली. "तूबी माझी समजूतच काढून राहिला."

परतीच्या गाडीत मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. पुण्यात आल्यावर आईला, बायकोला, सगळ्यांना खरं सांगितलं. सगळे माझ्या पाठीवरून हात फिरवतात. त्या वयात व्हायचंच, म्हणतात, तू मनाला लावून घेऊ नकोस.

मावशीचं मनगट केव्हाच भरून आलं. संजय फोन करतो तेव्हा खूश असतो. मम्मी आता खूप समजूतदार झाली आहे, म्हणतो. जिना दिसला की ती आपणहून थांबते, आणि धरायला हात पुढे करते.