व्हिएन्नाच्या वाटेवर, मुक्काम सदाशिव पेठ

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहायला आधी प्रवास व्हावा लागतो, आणि माझा तो अजून झालेला नाही. पण आपल्या गावच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकात माझ्या व्हिएन्नाच्या प्रवासासाठी चार पाने राखून ठेवली आहेत, असे ग्रंथपाल गुरुजींनी माईकवरून जाहीर केले होते. ती कोरी जाऊ नयेत म्हणून लिहितो आहे. हे वर्णन ऑस्ट्रियाच्या त्या राजधानीचे नाही. तिकडे निघालेला माणूस पुण्यात कुठे कुठे जातो, याचे आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. तेव्हा यात ज्या चुका दिसतील त्या माझ्या समजाव्यात, शिक्षणाच्या समजू नयेत.

प्रवास ऑगस्टमध्ये सुरू झाला. व्हिएन्नाच्या विद्यापीठात एका सत्रासाठी, म्हणजे ऑक्टोबर ते जानेवारी, माझी निवड झाली हे कळल्यावर ग्रामसभेने अभिनंदनाचा ठराव केला. जे त्या दिवशी हजर नव्हते त्यांच्यासाठी त्यातले शेवटचे वाक्य इथे देतो: ‘चि. अमोल याने युरोपात स्थायिक होऊन गावाचे नाव उज्ज्वल करावे, अशी ही सभा सदिच्छा व्यक्त करते.’ सूचक सरपंच, अनुमोदक सर्व. टाळ्या झाल्या. माझे बाबा मागे खांबाला टेकून उभे होते. ते शाळेचे गणवेश शिवतात आणि ग्रामसभेत बोलत नाहीत.

ठरावाची शिक्का मारलेली प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मी एसटीने पुण्याला कॉलेजात परतलो.

पुण्यात मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर (खोली नव्हे, खोलीतली एक खाट भाड्याने घेणे) राहतो. खोलीत चार खाटा, एक खिडकी आणि खिडकीवर मालकांची सूचना: ‘बाहेर बघून झाल्यावर खिडकी लावावी.’ तीन वर्षे झाली, पण किती वेळ बघायचे हे विचारण्याचे धाडस अजून झालेले नाही.

व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात याची यादी कॉलेजने दिली होती. त्यात ग्रामसभेचा ठराव नव्हता. पण आपल्याकडे अर्ज कसा करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की वसतिगृहाचा, रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला, सरपंचांचे पत्र, जे असेल ते लावायचे. फाइल जाड झाली की समोरचा साहेब दबतो, असा अनुभव आहे. माझ्याजवळ तर आख्ख्या गावाचा ठराव होता. तो न लावणे मला कृतघ्नपणा वाटला.

ठराव मराठीत होता, म्हणून तो घेऊन मी पेंडसे बाईंकडे गेलो. त्या निवृत्त जर्मन शिक्षिका आहेत आणि पेठेतच दोन जिने वर अधिकृत अनुवाद करून देतात. त्यांच्या दारावर पाटी आहे: ‘तातडीचे काम वेळेवर आणावे.’

बाईंनी ठराव वाचला, चष्मा वर केला आणि मला नीट पाहिले.

“अहो, हे शेवटचं वाक्य असंच ठेवायचं?”

“हो मॅडम. मुळात आहे तसंच.”

“स्थायिक होऊन?”

“हो. गावाची इच्छा आहे.”

“बरं. मी अनुवादक आहे. अक्कल देणं माझ्या दरपत्रकात नाही.”

मला वाटले, पुण्याच्या पद्धतीप्रमाणे त्या माझे अभिनंदन करत आहेत. मी वाकून नमस्कार केला. व्हिसा केंद्राच्या खिडकीवरच्या ताईंनीही विचारले, “हे यादीत नाहीये. लावायचंय का?” मी म्हणालो, “लावा ना ताई, वजन येईल.” त्यांनी लावले. तेव्हा दोष कुणालाही देता येत नाही.

मग तयारी सुरू झाली. कॉलेजने परदेशी जाणाऱ्या आम्हा दोघांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण ठेवले. दुसरी विद्यार्थिनी सानिका, कोथरूडची. ती दोनदा युरोपला जाऊन आली आहे, पण कॉलेजने तिलाही बसवले, कारण एकट्यासाठी पाहुणे बोलावणे बरे दिसत नाही. पाहुण्यांनी काटा आणि सुरीने कसे खावे ते शिकवले. कँटीनमध्ये त्या दिवशी फक्त बटाटेवडे होते. डाव्या हातातल्या काट्याने वडा दाबायचा, उजव्या हाताने कापायचा, आणि तोंड उघडे ठेवून चावायचे नाही. माझा वडा दोनदा टेबलाखाली गेला.

“तू आधी त्याला बेशुद्ध कर,” सानिका हळूच म्हणाली.

नंतर तिथल्या लोकांशी कसे बोलावे ते सांगितले. वय विचारू नये. पगार विचारू नये. लग्न झाले का, मुले किती, घर स्वतःचे का, काही विचारू नये.

मी हात वर केला. “सर, मग बोलायचं कशावर?”

“हवामानावर,” ते म्हणाले.

मी वहीत लिहून घेतले.

सप्टेंबरच्या मध्यात निरोप घ्यायला गावी आलो. पुढचे तुम्ही पाहिलेच आहे. स्टँडवर माझा फ्लेक्स लागला होता आणि फोटोच्या मागे एक मनोरा होता, जो व्हिएन्नात नाही, पॅरिसमध्ये आहे. पण तो हटवा म्हणायची वेळ नव्हती. शाल, नारळ, पाच भाषणे. आईने चार महिन्यांच्या चटण्या आणि भाजणी बांधून दिली. बाबांनी एक गाठोडे काढले. गणवेशाच्या ब्लेझरच्या उरलेल्या निळ्या कापडाचा, आत गोधडीचे अस्तर लावलेला, गुडघ्यापर्यंतचा कोट. मोबाइलमधला एक फोटो पाहून त्यांनी तो दुकान बंद झाल्यावर शिवला होता.

“बाहीत वाढीव कापड ठेवलं हाय,” ते म्हणाले. एवढेच त्यांचे भाषण. आईने हातावर दही दिले आणि मी निघालो.

पुण्यात उतरून तिसऱ्या दिवशी ईमेल आला. भाषा फार नम्र होती. आपल्या अर्जासोबतच्या ग्रामसभेच्या दस्तऐवजात अर्जदाराने युरोपात स्थायिक व्हावे असे नमूद आहे. तरी आपण सत्रानंतर परत येणार असल्याचा खुलासा, शक्य असल्यास पुराव्यासह, सादर करावा. तोपर्यंत अर्ज थांबवला आहे.

मी ईमेल सानिकाला दाखवला. तिने दोनदा वाचला.

“अमोल, तू व्हिसाच्या अर्जात लिहून दिलंस की मी तिकडेच राहणार?”

“मी नाही. गावाने.”

“आणि तू ते भाषांतर करून लावलंस. स्टॅम्पसकट.”

“शिक्का ठळक होता,” मी म्हणालो.

ती हसली नाही. हसली असती तर बरे झाले असते. तिने कॉलेजच्या मॅडमना गाठले, मॅडमनी व्हिएन्नाला कळवले. तिथल्या विद्यापीठाने मला ऑक्टोबरअखेरपर्यंतची सवलत दिली. त्यानंतर पोहोचलो तर जागा रद्द.

मी परत येणार, हे मला माहीत होते. पण त्याचा पुरावा काय? घर भाड्याचे, शेती नाही, नोकरी नाही. माणूस परत येईल याचा पुरावा तो परत आल्यावरच मिळतो, असे मला वाटायचे.

ठरल्या दिवशी सानिका एकटीच व्हिएन्नाला गेली. मी पेठेतच राहिलो. गावी परत येणे शक्य नव्हते. हातावर दही घेऊन, पाच भाषणे ऐकून निघालेला माणूस आठवड्यात स्टँडवर उतरला, तर त्याच्या डोक्यावर त्याचाच फ्लेक्स असतो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी व्हिएन्नात आहे असे मी कोणाला सांगितले नाही. पण बाबा रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, “जेवला काय? तिकडे किती वाजले?” त्यातल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी अचूक द्यायचो. आपण सात म्हटले की तिथे साडेतीन. हे खोटे नव्हते. खरेही नव्हते. मी आईची भाजणी लावून थालीपीठ करायचो आणि परदेशी राहणाऱ्या मुलासारखा घरच्या आठवणीने व्याकूळ व्हायचो.

सानिका गेल्यानंतर चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी दहा वाजता बाबांचा फोन आला. मी खिडकीत होतो, बाहेर बघणे अजून झाले नव्हते. तेवढ्यात खालून हाक आली: “ए पेप्पर, रद्दीऽऽय!”

फोनवर मागे शिलाई मशीन चालू होते, ते थांबले.

“काहून रे अमोल,” बाबा म्हणाले, “तिकडे बी रद्दीवाला येते काय?”

मी खिडकी लावून घेतली.

“अन् मराठीत वरडते?”

मग मी सगळे सांगितले. बाबांनी मध्ये एकदाही अडवले नाही.

“म्हणजे ठरावानं अडलं?”

“हो बाबा. त्यांना वाटतं मी परत येणार नाही. तुम्हीच तसं म्हटलंय ना, की तिकडेच राहा.”

“मी कुठी म्हणलं?” बाबा एकदम मोठ्याने म्हणाले. “सरपंचानं म्हणलं!”

मग त्यांनी विचारले, “मले सांगितलं काहून नाही?”

“सत्कार झाला होता, बाबा.”

“हं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला चारच दिवस होते. त्या सभेत काय झाले हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले, मी पाहिले नाही. मला फक्त एसटीच्या कंडक्टरकडून एक पाकीट मिळाले. आत नवा ठराव होता: ‘मागील ठरावातील “युरोपात स्थायिक होऊन” हे शब्द वगळण्यात येत आहेत. चि. अमोल याने सत्र संपताच, वाटेत कोठेही न थांबता, गावी परत यावे व शाळेतील मुलांना तेथील माहिती सांगावी, असे ही सभा एकमताने ठरवते. न आल्यास कारण विचारण्यात येईल.’

मी तो पेंडसे बाईंकडे नेला. त्यांनी वाचला.

“सभेला उशिरा सुचलं, पण सुचलं,” त्या म्हणाल्या. “सदिच्छा गेली, आता थेट हुकूम. छान.” मग बोट खाली सरकवत नेले. “सूचक, हरिभाऊ इंगळे. आपण इंगळेच ना? हे कोण?”

“माझे वडील.”

“बोलतात वाटतं सभेत.”

“नाही मॅडम. पहिल्यांदाच.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, “बसा. आत्ताच करून देते. तातडीचं आहे आणि वेळेवर आणलंयत.”

तो अनुवाद मी खुलासा म्हणून सादर केला, पण उत्तर यायला पुष्कळ दिवस लागले. त्या काळात मी एक प्रेक्षणीय स्थळही पाहिले. पुण्याला पाणी देणारे खडकवासल्याचे धरण. धरणावर वारा असतो असे ऐकले होते, म्हणून भल्या सकाळी बाबांचा कोट घालून तो तपासायला गेलो. वारा होता, पण ऑक्टोबरचा. बसमध्येच अस्तर ओले झाले. कठड्याशी कणसे भाजणाऱ्या मावशींनी मला आपादमस्तक पाहिले.

“ताप हाय का रं बाळा?”

“नाही मावशी. थंडीच्या देशात जायचंय. सराव करतोय.”

“कधी?”

“ठरलं नाही अजून.”

“मग आत्तापासनं कशापायी उकडून घेतोस?”

शिकवल्याप्रमाणे मी हवामानावर बोलायला लागलो. आज आर्द्रता बरी आहे, म्हणालो. मावशींनी ते कणसाच्या सालीसारखे बाजूला टाकले. वय विचारले, वडील काय करतात विचारले, लग्न झाले का विचारले. कोटाची बाही उलटून आतली शिलाई पाहिली. “बापानं शिवला? कापड सोडलंय की वाढीव. पोरगं तिकडनं जाड होऊन येईल म्हणत आसंल.” व्हिएन्नात कोणी हे विचारणार नाही, या विचाराने मला पहिल्यांदाच थोडी भीती वाटली.

महिना संपायला आठ दिवस उरले असताना मेसेज आला: आपला पासपोर्ट घेऊन जावा. निर्णय काय, ते मेसेजमध्ये नसते. पाकीट बंद मिळते. मी ते खिडकीवरच्या त्याच ताईंकडून घेतले.

“या वेळी जास्तीचं काही लावलं नव्हतं ना?” त्यांनी विचारले.

“एक ठराव होता.”

“परत?” त्या म्हणाल्या.

मी बाहेर पायऱ्यांवर बसलो. इतके दिवस मी समजत होतो की मला पाठवण्यासाठी गाव जमले होते. पण पाठवताना माणसे मोठ्याने बोलतात, आणि परत ये हे म्हणायला कुणाला माईक देत नाहीत. बाबांना त्यासाठी ग्रामसभा भरेपर्यंत थांबावे लागले, आणि इतिवृत्तात सही करावी लागली. मी पाकीट फाडले. पासपोर्टच्या मधल्या पानावर व्हिसा चिकटवलेला होता.

बाबांना फोन लावला. मागे मशीन चालू होते.

“मिळाला, बाबा.”

मशीन थांबले. तेव्हापासून ज्यांना ज्यांना ही बातमी सांगितली, त्या सगळ्यांनी विचारले, कधी निघतोस. बाबांनी ते विचारले नाही.

“किती तारखेपर्यंतचा हाय?”

“जानेवारीअखेर.”

“थांब,” ते म्हणाले. “खडू घेतो. भिंतीवर लिहून ठेवतो.”