नऊ पायऱ्यांचा हॉल

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरं बघत हिंडायचं वेड होतं. राहायला नव्हे हं, विकत घेऊन भाड्यानं द्यायला! रविवार उजाडला की मला सायकलच्या कॅरियरवर बसवायचं आणि निघायचं. आज मल्लेश्वरम, पुढच्या रविवारी बसवनगुडी. आम्ही स्वतः चामराजपेटेत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो, त्याचं त्यांना काही नाही.

घराकडे ते आधी बघतच नसत. कोपऱ्यावरच्या दुकानातून सुपारी घ्यायची आणि हळूच विचारायचं, इथं ‘टु-लेट’ची पाटी किती दिवस लटकते? मग विहिरीचं पाणी चाखायचं. वर्षाचं भाडं अकराच महिन्यांचं धरायचं, कारण आषाढात बेंगळुरात कुणी घर बदलत नाही; रिकामं झालं तर रिकामंच राहतं. कॅन्टोन्मेंटात भाडं चढं, पण बदली झाली की भाडेकरू गेला. मल्लेश्वरमला भाडेकरू टिकतो, पण इतका टिकतो की भाडं वाढवायची सोय नाही. जयनगरात जागा स्वस्त. “पण तिथं भाडं कोण देणार, कोल्हे?”

आईला बरोबर नेलं तर तिचं माप एकच. हॉलच्या भिंतीशी उभी राहून ती हवेत हातानं पायऱ्या मोजायची. दसऱ्याला इथं घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. पिढ्यान्‌पिढ्या इथं रुजलेल्या आम्हा मराठी घरांतही. आईनं माहेरून दोन पेट्या भरून बाहुल्या आणल्या होत्या. आमच्या खोलीत जेमतेम तीन पायऱ्या मावायच्या. लग्नात मिळालेले लाकडी राजा-राणी आणि चार-दोन बाहुल्या तेवढ्या बाहेर यायच्या, बाकी सगळ्या पेटीतच. तिची नऊ पायऱ्यांची हौस होती. अजूनही मी कुणाच्या हॉलमध्ये शिरले की भिंत मोजते आणि आईची इतकी आठवण येते की काही विचारू नका.

शेवटी बसवनगुडीतलं एक घर अण्णांना पटलं. आईनं आत जाऊन मोजलं आणि मला घट्ट मिठी मारली. “नऊ! अगं बाई, नऊ बसतात!”

घर घेतलं, दूध उतू घालवलं. अण्णा म्हणाले, “तीन वर्षं भाड्यानं देऊ, मग आपणच जाऊ.”

तीन वर्षं झाली. आईनं विचारलं, तर म्हणाले, “अगं, आपण इथं देतो त्याच्या तिप्पट तिथून येतं. स्वल्प थांब.” स्वल्प! या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे. आणि आई? “सरी,” म्हणजे ‘बरं’ म्हणून चुलीकडे वळली. अगं, भांड की जरा! असं मला ओरडावंसं वाटायचं. भाडेकरूही असे सज्जन की त्यांच्या नावानं बोटं मोडायचीही सोय नव्हती.

सहाव्या वर्षी दसऱ्यात भाडेकरूबाई कुंकू घेऊन बोलवायला आल्या. आम्ही तिघं गेलो. हॉलमध्ये भिंतीला लागून पायऱ्या मांडल्या होत्या. नऊ. “बन्नी अक्का, बन्नी,” या या म्हणत त्यांनी आईला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, विडा-नारळ दिला, उसळीचा द्रोण पुढं केला. बाहुल्यांपुढं पाहुणीनं गाणं म्हणायचं अशी इथली रीत. आई स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून गायली. अण्णा दारातच उभे राहिले, आत काही आले नाहीत.

परतताना ती एवढंच म्हणाली, “अहो, मी बरोबर मोजलं होतं. नऊ बसतात.”

अण्णांनी मान हलवली. मला वाटलं, आता तरी बोलतील. ते कोपऱ्यावरच्या दुकानात सुपारी घ्यायला वळले.

पुढच्या दसऱ्याच्या आधी मी शाळेतून आले तर दारात घोड्याचा जटका उभा. आई गाडीवाल्याकडून दोन्ही पेट्या जटक्यात ठेवून घेत होती. अण्णा ओट्यावरून घाबरून विचारत होते, “अगं, कुठं निघालीस?”

“मी कुठं जाणार? बसवनगुडीला पाठवतेय,” आई म्हणाली. “त्या बाई मांडतील म्हणाल्या. बाहुल्यांना तरी आपल्या घरात राहू देत.”

जटका गेला. राजा-राणी तेवढे तिनं मागं ठेवले होते, आमच्या भाड्याच्या खोलीत.