इंदूमावशींचा येसर लावलेला स्टू

इंदूमावशींबद्दल लिहायचा अधिकार मला आहे की नाही, मला खरंच माहीत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे अर्ज आणि असाइनमेंट सोडून काही लिहायची सवय नाही. शिवाय मी त्यांच्या नात्यातला नाही आणि शेवटच्या काही महिन्यांत त्यांच्याशी जसा वागलो ते पाहता... म्हणून आधी माफी मागतो. हे वाचून कुणाला माझी किळस आली, तर ती योग्यच आहे. मला येते.

नॉटिंगहॅमला येऊन मला महिनाही झाला नव्हता. बसस्टॉपवर आईशी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर शेजारी जाड कोटातल्या एक वयस्कर बाई हसत उभ्या. "बीडकडचा ना रे तू? आईवर ओरडतोस त्यावरून ओळखलं." इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं वॉर्डात काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेलेला, मुलगी नीता कार्डिफला. बस येईपर्यंत त्यांनी माझं गाव, आडनाव आणि गावातली वस्ती, सगळं काढून घेतलं होतं. वस्ती ऐकल्यावर म्हणाल्या, "मग आपलाच आहेस. शनिवारी जेवायला ये."

शनिवारी त्यांनी दार उघडलं आणि आतून वास आला. मी पायपुसण्यावरच थांबलो.

"स्टू आहे. बीफचा."

"मी खात नाही, मावशी."

"कधीपासून?"

"होस्टेलवर गेल्यापासून."

"म्हणजे आजी करायची," त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

आजी करायचीच. आम्ही भावंडं चुलीभोवती बसून वाट बघायचो. आठवीत मी होस्टेलवर गेलो. पहिल्या सुट्टीहून परतलो तेव्हा खोलीतल्या एका मुलानं माझ्या डब्याचा वास घेतला आणि माझी पेटी उचलून व्हरांड्यात नेऊन ठेवली. मारलं कुणीच नाही. सगळ्यांनी फक्त नाकं दाबली. आठवड्याभरात मीही दाबायला शिकलो. पुढच्या सुट्टीत आजीनं ताट वाढलं आणि मी तिच्या तोंडावर "शी" म्हणालो. किळस शिकावी लागते, आणि मी हुशार विद्यार्थी होतो.

मावशींनी हा स्टू वॉर्डातल्या एका इंग्रज मैत्रिणीकडून शिकून घेतला होता, पण त्यात आपलं घातलं होतं. इथले लोक मांसाला मैदा लावतात. मावशी पिंढरीच्या मांसाचे मोठे तुकडे येसराच्या पिठात घोळवायच्या. भाजलेली धान्यं आणि मसाले दळलेलं ते पीठ बीडहून कुणी ना कुणी आणून द्यायचं. मग थोडे थोडे तुकडे लाल करायचे, सगळे एकदम टाकले तर पाणी सुटतं. पाणी घालून तळाशी धरलेलं खरवडून घ्यायचं. कांदा, गाजर, पांढऱ्या गाजरासारखं पार्सनिप, बटाटे, जड झाकण, आणि मंद ओव्हनमध्ये तीन तास. मी सारखा ओव्हनच्या काचेत डोकावत होतो, तर म्हणाल्या, "घाई केलीस तर चामडं, थांबलास तर लोणी."

मी तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना त्या म्हणाल्या, "सोडलंयस ना रे तू? पोटाला कुणी कळवलं नाही वाटतं."

नंतर प्रत्येक शनिवार तिथेच. निघताना आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात उरलेला स्टू मिळायचा. मी तो घरी फ्रिजमध्ये पालकाच्या पिशवीमागे लपवायचो. भाड्याच्या त्या घरात आम्ही चौघं मराठी मुलं होतो आणि माझं आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही. मीही कधी कळू दिलं नव्हतं.

एका रविवारी पुण्याच्या ओंकारनं तो डबा काढून उघडला. "हे काय आहे रे? बीफ?"

"एका म्हाताऱ्या बाईनं गळ्यात मारलंय," मी म्हणालो. "घाण आहे. टाकायलाच आणलंय."

मी तो डबा सगळ्यांसमोर फूड बिनमध्ये उपडा केला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण विश्वास बसावा म्हणून मी ओकारी काढली. खोटी. मग ब्लीच ओतून फ्रिजचा तो कप्पा घासला. "बरं झालं भावा, नाहीतर गोमूत्र कुरिअरनं मागवावं लागलं असतं," ओंकार म्हणाला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. घासताना हाताला येसराचा वास लागला होता...

त्यानंतर मावशींसमोर बसायची माझी हिंमत होईना. शनिवारी मेसेज आला की मी लिहायचो, "डेडलाइन आहे." बहुतेक वेळा मी मॅच बघत असायचो. त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा, "बरं लेकरा, अभ्यास कर. मी काय, इथेच आहे." मग मेसेज यायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

डिसर्टेशन जमा केलं त्याच आठवड्यात मी मांस आणून आमच्या स्वयंपाकघरात स्टू लावला. येसर आईनं दिवाळीच्या पार्सलमधून पाठवलं होतं. भर दुपारी, दार उघडं ठेवून शिजवला. ओंकार नाकावर टी-शर्ट धरून आला.

"कुणाचं भांडं घेतलंयस?"

"माझंच. आणि त्या दिवशीचा डबाही माझाच होता. आमच्या घरी खातात. मीही खातो."

त्यानं माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती, होस्टेलपासूनची. मी मात्र पहिल्यांदाच खाली बघितलं नाही. तो दार ओढून निघून गेला.

स्टू घेऊन मावशींकडे जायचं आणि त्या फूड बिनचं सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं. त्या शिव्या देतील, मग वाढतील, असा माझा हिशेब. निघण्याआधी फोन लावला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी होता.

"मी नीता, तिची मुलगी. आई गेली... थ्री वीक्स झाले. फ्युनरल पण झालं."

 मी एवढंच विचारलं, "मला कसं कुणी कळवलं नाही?"

"तू तोच ना, डेडलाइनवाला? मी हॉस्पिटलमधून तुला फोन करणार होते. आई नको म्हणाली. म्हणाली, त्याच्या घरात शिकलेला तो पहिला आहे, त्याला आधी सबमिट करू दे."