अण्णांनी आज खुनी सांगितला नाही

आज माहेरी, लातूरला, सगळ्यांनी मिळून जुन्या रहस्यकथांवरची नवी मालिका पाहिली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्या कथा तोंडपाठ. खुनी आधीच सांगून ते मजा घालवतात.

"अण्णा, आज तोंडात सुपारी धरा बरं," भाऊ म्हणाला.

"ह्यो कसला डिटेक्टिव्ह? नुसता मोबाइल बघायलाय," वहिनीची कुरकुर चालूच होती.

अण्णा मात्र गप्प. शेवटी मला हळूच म्हणाले, "कोण असंल गं खुनी?"

"अण्णा नाटक करायलेत!" सगळे हसले. मीही हसले.

वाटलं, मालिकेत शेवट बदलला असेल, म्हणून त्यांनी विचारलं. पण शेवट तोच निघाला, त्यांनीच मला लहानपणी सांगितलेला.

आता नांदेडला परत आलेय, पण जीव थाऱ्यावर नाही. तुमच्यापैकी कुणी आपल्या वडिलांना, "तुम्हाला खरंच आठवत नाही का?" असं विचारलंय? कसं विचारलंत?