दार कोणी उघडायचं

लोसालिनेच्या घरी जेवायला जाणाऱ्यानं एक गोष्ट मनाशी पक्की करून जावी, ती म्हणजे चमचे मोजून झाल्याशिवाय उठता येत नाही. जेवण भरपूर असतं. नारळाच्या दुधात, टारोच्या म्हणजे अळूच्या पानांत बांधून भाजलेलं लू असतं, डुक्कर असतं, कलिंगडाचं गार पेय असतं. पण शेवटचा घास खाली उतरला, की बाई आधी चमचे मोजतात, मग काटे, आणि सुऱ्या तर दोनदोनदा. पुतण्याच्या साखरपुड्याला एक काटा कमी भरला, तेव्हा तिनं नवरीच्या आईसकट सगळ्या मांडवाला जागेवर बसवून ठेवलं. काटा केकमध्ये सापडला. लग्न यथासांग पार पडलं, पण विहीणबाई तिच्याकडे आल्या की अजूनही हातानंच जेवतात.

यात तिचा काही दोष नव्हता. ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या एका तुरुंगात तिनं नर्स म्हणून उभी हयात काढली होती, आणि तुरुंगात हरवलेला चमचा परत सापडतो तेव्हा त्याला धार आलेली असते.

चमच्यांचं तिला स्वतःला ठाऊक होतं. दारांचं नव्हतं. तुरुंगात दार कोणी उघडत नाही, ते उघडलं जातं. समोर उभं राहायचं, हनुवटी वर करून कॅमेऱ्याला तोंड दाखवायचं, कुठेतरी काचेमागे बसलेला माणूस चहाचा घोट संपवून बटण दाबतो, ‘बझ्झ’ असा आवाज येतो, मग ढकलायचं. लोसालिने बँकेच्या दारासमोरही तशीच हनुवटी वर करून उभी राहायची. लोकांना वाटे, काय हा तोरा! तिचा नवरा सेमिसी विमानतळावर सामान चढवायचा. तो बिचारा लगबगीनं पुढे होऊन दार उघडायचा. चर्चमधल्या बायका त्याचं उदाहरण आपापल्या नवऱ्यांना द्यायच्या.

“तो उघडतो म्हणून मी थांबते,” लोसालिने म्हणायची.

“अगं, उलटं आहे ते,” सेमिसी म्हणायचा. पण हळू आवाजात.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिनं बदली मागून घेतली. आता काम तुरुंगाबाहेरचं होतं. मनाच्या आजाराची जी माणसं शिक्षा संपवून बाहेर येतात, त्यांना वेळेवर इंजेक्शन द्यायचं, डॉक्टरकडे न्यायचं, घरच्यांना समजावायचं, आणि मुख्य म्हणजे ती परत आत जाणार नाहीत असं बघायचं. पहिलाच पेशंट वाट्याला आला तो पेनिसिमानी.

पेनिसिमानीला आत तिनं वर्षानुवर्षं गोळ्या दिल्या होत्या. धिप्पाड गडी, आवाज मात्र अगदी मऊ. आजाराच्या भरात त्यानं एकदा डेपोतून बस काढली होती, कारण समुद्रात प्रवासी खोळंबलेत असं कोणीतरी त्याला कानात सांगत होतं. वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर तो शिस्तीत थांबला. लोक चढले, उतरले, त्याला धन्यवादही म्हणाले. मग बस थेट पाण्यात गेली आणि अडवायला धावलेल्या पोलिसाचा पाय मोडला. म्हणून तुरुंग. आता औषधानं कानातला आवाज बंद झाला होता आणि तो आपल्या आत्याकडे राहायला आला होता.

ही सगळी मंडळी मूळची टोंगा बेटांवरची, आणि टोंगन घरात आत्या म्हणजे काय, हे आत्या असलेल्यालाच कळतं. तिच्या आधी कोणी जेवत नाही, तिच्यापुढे कोणी चालत नाही, आणि तिनं ‘नाही’ म्हटलं की बाप असो, आजोबा असो, गप्प. मेलेनाइते आत्या तर हातानं कधी दार उघडलेली बाईच नव्हती. ती नुसती दाराच्या दिशेनं निघाली की आतली चार माणसं उठायची.

पहिल्याच आठवड्यात पेनिसिमानी न्हाणीघराच्या दारासमोर उभा राहिला. दार नुसतं लोटलेलं होतं. तो थांबला. मागे भाऊ थांबला, भावामागे वहिनी, वहिनीमागे तिची तीन पोरं पाय आवळून. आत कोणीच नव्हतं, हे बऱ्याच वेळानं उघडकीला आलं.

“काढा सगळी दारं!” आत्यानं फर्मान सोडलं.

आणि काढली की! बिजागऱ्यांसकट सगळी दारं गॅरेजात जाऊन पडली. न्हाणीघराला झाडाच्या सालीपासून केलेल्या कापडाचा पडदा लागला. लोसालिने इंजेक्शन घेऊन आली तेव्हा घरात वाऱ्याचा नुसता धुमाकूळ चालला होता, आणि आत्या स्वेटरवर स्वेटर चढवून विजयी मुद्रेनं बसली होती.

“बघ सिस्टर, बरा झाला माझा पोरगा. आता कुठेच थांबत नाही.”

“आत्याबाई, घरातली दारं काढलीत. गावातल्यांचं काय करणार?”

“बघू. माझ्या भावाकडे पाने, पेचकस सगळं आहे.”

दवाखान्याचं दार मात्र जागेवर होतं. डॉक्टर प्रिचर्डनं खिडकीतून पाहिलं. पेनिसिमानी बाहेर उभा, हनुवटी वर, डोळे स्थिर, हलत नाही, बोलत नाही. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण दगडासारखी उभी राहणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती आणि त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं होतं.

“आजार परत येतोय, लोसालिने,” तो म्हणाला. “पुढच्या तपासणीलाही असाच दिसला तर मी त्याला बंद वॉर्डात घेणार. त्याच्या भल्यासाठीच.”

“डॉक्टर, ती नुसती सवय आहे हो.”

“कशावरून?”

परतताना गाडीत लोसालिनेनं पेनिसिमानीला सगळं खरंखरं सांगितलं.

“तिथं बरं असतं, सिस्टर,” तो म्हणाला. “तिथं कोणीतरी उघडतं.”

माणूस वाचवायचा आणि तो असं बोलतो. त्या दिवसापासून तिनं ध्यासच घेतला. गॅरेजातलं एक दार तिनं अंगणात आणवलं आणि पेनिसिमानीच्या दोन चुलतभावांना दोन्ही बाजूंनी ते उभं धरायला लावलं. हिरवळीच्या मधोमध नुसतं दार. पोरं त्याला वळसा घालून पळत होती, कुत्रा वळसा घालून जात होता, आणि पेनिसिमानी दारासमोर हनुवटी वर करून उभा.

“ढकल ना, बाळा.”

“कोणाला विचारू?”

“कोणाला नाही विचारायचं.”

“मग कळणार कसं?”

एका चुलतभावाचा हात भरून आला होता. तो वैतागून म्हणाला, “बझ्झ!”

पेनिसिमानीनं झटकन दार ढकललं आणि पलीकडे गेला. अंगणात टाळ्या पडल्या. तेव्हापासून घरातलं कोणी ना कोणी त्याच्यामागे बझ्झ करायला असायचंच. दुकानात वहिनी बझ्झ करायची, वाचनालयात पोरं. खाटकाकडे तर आत्यानं स्वतः केलं, आणि ते इतकं जोरात केलं की खाटकानं मागच्या दारानं पळायची तयारी केली. पण तपासणीच्या दिवशी डॉक्टरसमोर कोण बझ्झ करणार? लोसालिनेची झोप उडाली.

त्यात तो रविवार आला.

आत्यानं पेनिसिमानीला कोट घातला आणि कमरेला त्याच्या वडिलांची जुनी चटई गुंडाळली. चर्चला जाताना कमरेला चटई नसेल तर माणूस उघडाच समजतात, आणि ही चटई तर खानदानी होती, जुनी, रुंद, कडा झिजलेली. लू भट्टीतून निघायचं होतं म्हणून आत्या मागे राहिली. पेनिसिमानी एकटाच पुढे गेला. दक्षिणेचा गार वारा सुटला होता, चर्चचं दार बंद होतं. तो उभा राहिला.

मागून चर्चचे म्हातारे कारभारी आले. बघतात तर एवढी मोठी चटई बांधलेला माणूस दाराकडे तोंड करून, मान ताठ ठेवून उभा! काय चाललंय असं विचारणं असभ्यपणाचं. कोणीतरी मोठं माणूस येणार असणार. ते मुकाट मागे उभे राहिले. त्यांच्यामागे गाणाऱ्या बायका, त्यांच्यामागे कर्णे-तुताऱ्या घेऊन बॅण्ड. पुढच्या रांगेत ‘कोणीतरी येणार आहे’ होतं, ते मधल्या रांगेत ‘टोंगाहून येणार आहे’ झालं, आणि शेवटच्या रांगेपर्यंत राजघराणं येऊन पोचलं. कोणीतरी शहाण्यानं घरी निरोप धाडला, आणखी एक डुक्कर लावा.

तेवढ्यात आत्या आली. जन्मात कोणासाठी न थांबलेली बाई. पण एवढी माणसं थांबलेली पाहून तीही चपापली आणि आपली चटई सारखी करून उभी राहिली. आत्या थांबली म्हटल्यावर कोणाला शंकाच उरली नाही.

दाराच्या आत पाद्रीबाबा एकटेच होते. गेल्या रविवारी त्यांनी देणग्यांवरून सगळ्यांना फैलावर घेतलं होतं. रिकामे बाक पाहून त्यांना वाटलं, लोकांनी आपल्याला वाळीत टाकलं. त्यांनी रिकाम्या बाकांची मोठ्यानं माफी मागायला सुरुवात केली.

लोसालिने आणि सेमिसी सगळ्यांत शेवटी पोचले. तिला लांबूनच उमगलं. “अरे देवा, पेनी!” म्हणत ती गर्दी कापत थेट पुढे गेली. दाराशी पोचली. आणि त्याच्या शेजारी हनुवटी वर करून उभी राहिली.

आता नर्सबाईही येऊन उभ्या, म्हणजे येणारा पाहुणा आजारी असणार. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

शेवटी पाद्रीबाबांनी राजीनामा द्यायचं ठरवलं आणि बाहेर पडायला दार उघडलं. समोर अख्खी मंडळी, रडत असलेली! आपली माफी पोचली असं समजून ते ढसाढसा रडले आणि त्यांनी सगळ्यांत पुढच्या पेनिसिमानीला मिठी मारली. बॅण्डवाल्यांनी खूण समजून वाजवायला सुरुवात केली.

घरी आल्यावर सेमिसीनं विचारलं, “तू का थांबलीस गं?”

“त्याला धीर द्यायला.”

लोसालिने चमचे मोजत होती. तिचा आकडा चुकला. तिनं पुन्हा मोजायला घेतले, पुन्हा चुकला. त्याला धीर द्यायला थांबले हे खोटं होतं आणि ते आता तिला कळलं होतं. तो आजारी, तर मग मी कोण? डॉक्टरला हे सांगितलं तर पेनी वाचेल, पण मग डॉक्टर आपल्याकडे कोणत्या नजरेनं बघेल? तिनं कोणालाच सांगितलं नाही. स्वतःची लाज वाटली, तरी नाही सांगितलं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात शिरताना पोरांनी बझ्झ केलं आणि आत्यानं त्यांना बाहेरच बसवलं. डॉक्टरच्या खोलीशी आत्यासकट तिघं पोचले. दाराला वीतभर काच होती. लोसालिने सगळ्यांत पुढे होती, कारण नेणारी तीच. आणि ती थांबली.

आत डॉक्टर काचेतून तिच्याकडे बघत होता. ती काचेच्या वर, भिंतीकडे बघत होती.

“सिस्टर,” पेनिसिमानी मागून हळूच म्हणाला, “तिथं कॅमेरा नाही.”

“माहितीये रे मला.”

“मग कोणाची वाट बघताय?”

हात उचलावा म्हणते तर उचलेना. पेनिसिमानी तिच्या कानाशी वाकला. चुलतभाऊ त्याच्यासाठी करायचा तसंच, पण फार मऊ आवाजात, तो म्हणाला, “बझ्झ.”

तिचा हात आपोआप पुढे गेला. ती आत होती. दार तिच्यामागे आपसूक बंद झालं.

“तो कुठंय?” डॉक्टरनं विचारलं.

लोसालिनेनं मागे वळून पाहिलं. काचेपलीकडे त्याची हनुवटी दिसत होती, वर केलेली. आता इथून बझ्झ करावं, तर डॉक्टर समोर.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “न्यायचं तर आधी मला न्या. मीपण थांबते. बँकेत, चर्चमध्ये, आत्ता तुमच्या दाराशी. तुम्ही बघितलंत. मी गोळ्या देणारी होते, तो घेणारा होता, पण दार आमचं एकच होतं हो. इतकी वर्षं.” पुढे बोलायचं होतं, पण तिला हुंदका फुटला आणि ती तोंड झाकून लहान पोरीसारखी रडायला लागली.

दार उघडलं.

“सिस्टर? काय झालं? कोण बोललं तुम्हाला?” पेनिसिमानी दोन ढांगांत तिच्यापाशी येऊन उभा राहिला होता. मग त्यानं वळून दाराकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं.

“बझ्झ झालं होतं का?”

“नाही रे बाळा,” लोसालिने म्हणाली. “कोणीच नाही केलं.”

“मग मी आत कसा आलो?”

“पायानं आलास!” दारातून आत्या गरजली. “आता सरक बाजूला, माझे पाय दुखायला लागलेत.”

वॉर्डाचं नाव त्या दिवशी निघालं नाही. डॉक्टरनं इंजेक्शन तेच ठेवलं, पुढच्या महिन्यात या म्हणाला, आणि लोसालिनेला मात्र रजा घ्यायचा सल्ला दिला.

निघताना तिघं पुन्हा दाराशी आले. आत्या थांबली, कारण ती आत्या होती. लोसालिने थांबली. पेनिसिमानीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं, दार उघडलं आणि तुरुंगातल्या पहारेकऱ्यासारखा ते पाठीनं अडवून उभा राहिला.

“चला, एकेकानं. आत्या पहिली.”

आत्या गेली. लोसालिने पुढे आली आणि उंबऱ्यापाशी सवयीनं झडतीसाठी दोन्ही हात पसरून उभी राहिली. पेनिसिमानीनं ते पाहिलं. त्यानं तिचे हात एकेक करून अलगद खाली केले.

“जा, सिस्टर,” तो म्हणाला. “तुम्हाला सोडलंय.”